स्टार्च बदलण्याआधी: प्रोबायोटिकच्या कॅप्सूलमध्ये स्टार्च नेमकं काय काम करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका कंदातून स्टार्च काढला, तो शिजवून त्याच्या जेलमध्ये लॅक्टोबॅसिलस गटातला प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक, जिवाणू कोंडला आणि कृत्रिम जठररसात दोन तास ठेवला. कॅप्सूलमधले आणि मोकळे जिवाणू जवळजवळ सारखेच मेले. मार्गदर्शक म्हणतात, दुसऱ्या वनस्पतीचा स्टार्च घेऊन बघा. तर कोणत्या वनस्पतीचा घ्यावा आणि त्यात काय सुधारणा करावी? (प्रश्नासोबत प्रबंधासाठीच्या या कामाचा अहवालही आला आहे.)

थेट सांगतो, वनस्पती बदलून हे सुटणार नाही. तुमच्या कंदाच्या स्टार्चमध्ये खोट नाही. तुम्ही त्याच्याकडून जे काम मागताय ते कुठल्याच वनस्पतीचा साधा स्टार्च एकट्याने करत नाही. वर्षभर एकामागून एक स्टार्च काढत बसलात तरी हाच आलेख पुन्हा पुन्हा हाती येईल, आणि तुमचं ते वर्ष वाया जाऊ नये म्हणून जरा लांबवर लिहितो आहे.

सगळा घोटाळा ‘कवच’ या शब्दाने होतो. कवच म्हटलं की डोळ्यांपुढे टरफल येतं, म्हणजे बाहेरचं बाहेर, आतलं आत. स्टार्चचा जेल हा भिजलेल्या स्पंजच्या जातीचा आहे. त्यात बहुतांश पाणीच असतं आणि आम्ल म्हणजे शेवटी पाण्यातून धावणारे हायड्रोजन आयन. पाण्यातून त्यांच्याइतक्या वेगाने दुसरा कुठलाच आयन पुढे सरकत नाही. २ मिलिमीटरच्या मण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला त्यांना काही मिनिटं पुरतात, आणि तुमची चाचणी १२० मिनिटांची आहे. त्यात भर म्हणजे साध्या स्टार्चच्या रेणूवर विद्युतभार जवळपास नसतो. बटाट्याच्या स्टार्चवर फॉस्फेटचे थोडे गट असतात, पण आम्ल पिऊन टाकायला तेही पुरत नाहीत. प्रथिनांवर असे गट भरपूर असतात, म्हणून दुधातल्या प्रथिनांचा किंवा व्हे प्रोटीनचा थर आम्लाला काही काळ थोपवतो. स्टार्च ते करत नाही, तो आम्लाला वाट देतो.

मग या क्षेत्रातली इतकी माणसं स्टार्चच्या मागे का लागली आहेत? कारण जिवाणूला मार एकाच ठिकाणी बसत नाही. पहिला मार बसतो पावडर करताना: उष्णता आणि पाणी निघून जाणं. दुसरा साठवणीत, महिनोन्‌महिने, हळूहळू. तिसरा पोटात: आम्ल, मग पित्तक्षार. पहिल्या दोन ठिकाणी स्टार्च खरोखर कामाचा आहे. तिसऱ्या ठिकाणी त्याला जोडीदार लागतो. तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत ती नेमकी तिसऱ्या ठिकाणी आणि तीही एकट्याची.

आता ‘कोणती वनस्पती’ हा प्रश्न जरा वेगळा करून घेऊ. वनस्पतीचं नाव हे स्टार्चचं फक्त लेबल आहे. कामाच्या गोष्टी त्याखाली दडलेल्या असतात: अ‍ॅमायलोजचं प्रमाण, कणांचा आकार आणि कण किती तापमानाला फुगून फुटतात ते. स्टार्च दोन प्रकारच्या रेणूंचा बनलेला असतो. नेहमीच्या स्टार्चमध्ये अ‍ॅमायलोज २० ते ३० टक्के असतं आणि बाकीचं अ‍ॅमायलोपेक्टिन. मेणचट म्हणजे वॅक्सी मक्यात अ‍ॅमायलोज जवळजवळ नसतंच, तर हाय अ‍ॅमायलोज मक्यात ते ५० टक्क्यांपासून ७० टक्क्यांच्याही पुढे जातं. म्हणजे एकाच मक्याच्या तीन जातींत जेवढं अंतर आहे, तेवढं दोन वेगळ्या वनस्पतींत असेलच असं नाही. तुमच्या प्रबंधात कंदाच्या नावाआधी हे आकडे यायला हवेत. ते मोजले नसतील तर आधी मोजा.

अ‍ॅमायलोजला इतकं महत्त्व का, तर ते सरळ साखळीचं आहे. शिजवून थंड केलं की साखळ्या एकमेकींशी पीळ घालतात आणि घट्ट गाठी बांधतात. यालाच रेट्रोग्रेडेशन म्हणतात. अ‍ॅमायलोजमध्ये हे काही तासांत होतं, फांद्याफांद्यांच्या अ‍ॅमायलोपेक्टिनला दिवस लागतात. अ‍ॅमायलोजच्या या गाठी सुटायला १२० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान लागतं आणि स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज एन्झाइमला त्या सहज तोडता येत नाहीत. लहान आतड्यात न पचणाऱ्या स्टार्चला १९८२ मध्ये हान्स इंग्लिस्ट यांनी ‘रेझिस्टंट स्टार्च’ हे नाव दिलं. त्याच्या पुढे केलेल्या प्रकारांत हा शिजवून थंड केलेला स्टार्च तिसऱ्या प्रकारात मोडतो.

हे वाचून लगेच हाय अ‍ॅमायलोज मका मागवू नका, कारण इथे एक पेच आहे. मक्याचा साधा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांना फुगून फुटतो, बटाट्याचा ५८ ते ६८ ला. हाय अ‍ॅमायलोज मक्याचे कण पूर्ण उघडायला १०० अंशांच्या वर, म्हणजे दाबाखालीच शिजवावं लागतं. तुमचा जिवाणू साठीच्या आसपासच दम तोडायला लागतो. म्हणजे स्टार्च आधी शिजवायचा, ४० अंशांच्या आसपास आणायचा आणि मग पेशी घालायच्या. पण अ‍ॅमायलोज जितकं जास्त तितकं ते थंड होताना लवकर आवळतं. हाताशी जो वेळ उरतो तो फार थोडा असतो, ढवळता ढवळता पळीला गोळा चिकटायला लागतो. पेशी एकसारख्या मिसळल्या नाहीत की कॅप्सूल कॅप्सूलमध्ये फरक पडतो आणि मग तुमच्या तीन नमुन्यांचे तीन वेगळे आकडे येतात. तुमच्या तक्त्यातले एरर बार इतके लांब का आहेत याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

यातून सुटायची वाट म्हणजे स्टार्चला गाभ्यातला भराव करणं. म्हणजे भिंत अल्जिनेटची (समुद्री शेवाळापासून मिळणारं, कॅल्शियमने घट्ट होणारं द्रव्य) आणि आत न शिजवलेले स्टार्चचे कण. २ टक्के अल्जिनेट आणि २ टक्के हाय अ‍ॅमायलोज स्टार्च हे मिश्रण आता जवळजवळ पाठ झालेलं प्रमाण आहे. २००० साली सुलताना आणि सहकाऱ्यांनी ते वापरून जे दाखवलं ते मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. दह्यात ८ आठवडे ठेवल्यावर कोंडलेल्या जिवाणूंची संख्या सुमारे अर्ध्या लॉगने घटली (एका लॉगची घट म्हणजे संख्या दहाव्या हिश्शावर), मोकळ्यांची सुमारे एका लॉगने. म्हणजे साठवणीत फायदा दिसला. पण तीव्र आम्लात आणि पित्तक्षारांत त्याच कॅप्सूलनी लक्षणीय संरक्षण दिलं नाही. हा संदर्भ देताना पुष्कळ जण पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडून देतात. तुम्ही दोन्ही लिहा. तुमचा निकालही त्या दुसऱ्या वाक्याशीच जुळतो आहे. तो ‘फसलेला प्रयोग’ नाही.

अल्जिनेटच्या मण्यांचं एक प्रत्यक्ष करून बघा, कारण ते वाचून कळत नाही. मिश्रण सिरिंजमध्ये भरा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब सोडा. पहिले दहा मणी एका वाटीत, शेवटचे दहा दुसऱ्या वाटीत. बहुतेक वेळा या दोन वाट्यांतले मणी सारखे पांढरे नसतात. सिरिंज उभी धरलेली असते, स्टार्चचे कण जड असतात, ते तोटीकडे खाली बसत जातात. आधीच्या मण्यांत स्टार्च जास्त, नंतरचे पारदर्शक. मिश्रण वाडग्यात ठेवून पिपेटने वरून उचललंत तर नेमकं उलटं होतं. मग एक मणी पात्याने अर्धा कापून त्यावर आयोडीनचा पातळ थेंब टाका. जिथे स्टार्च आहे तिथे निळा-काळा रंग चढतो, आणि पुष्कळदा दिसतं की कण एका बाजूला ढीग करून बसलेत, दुसरी बाजू कोरी आहे. त्या कोऱ्या बाजूतल्या जिवाणूंना तुमच्या स्टार्चचा काय उपयोग झाला? दर तुकडीगणिक हा छेद घ्या, फोटो काढून ठेवा. हेच मणी कृत्रिम आंत्ररसातून काढून पुन्हा आयोडीन लावलं तर रंग किती फिका पडला त्यावरून स्टार्च किती पचला तेही डोळ्यांना दिसतं. महागडं यंत्र लागत नाही.

‘सच्छिद्र स्टार्च घेऊ का’ हे बहुतेक तुमच्या मनात येईल, म्हणून आधीच लिहितो. मक्याच्या कणांवर निसर्गतःच बारीक छिद्रं असतात, पण ती ०.१ मायक्रॉनच्या आसपासची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एन्झाइमने पोखरून मोठी केली तरी बहुतेक जेमतेम १ मायक्रॉनपर्यंत जातात. तुमचा जिवाणू रुंदीलाच जवळपास १ मायक्रॉन आणि लांबीला त्याच्या काही पट. तो आत शिरत नाही, फार तर तोंडाशी अडकतो किंवा पृष्ठभागाला चिकटतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात छिद्राशेजारी जिवाणू दिसला म्हणजे तो कोंडला गेला असं नव्हे. सुगंधी तेलासाठी सच्छिद्र स्टार्च उत्तम, जिवाणूसाठी मला तो कधी पटला नाही. त्यापेक्षा लहान कणांचा रस्ता जास्त शहाणपणाचा आहे. तांदळाचे कण ३ ते ८ मायक्रॉनचे, राजगिऱ्याचे १ ते २ मायक्रॉनचे. असे कण थोड्या चिकट द्रव्यासोबत स्प्रे ड्रायरमधून (द्रव गरम हवेत फवारून पावडर करणारं यंत्र) काढले की त्यांचे गोल गुच्छ बनतात आणि मधल्या फटींत जागा राहते. झाओ आणि व्हिस्लर यांनी १९९४ मध्ये हे सुगंधी द्रव्यांसाठी दाखवलं होतं. तुमच्या कंदाचे कण ५ मायक्रॉनच्या आतले असतील तर त्याला इथे खरंच काही वेगळं सांगण्यासारखं आहे. बटाट्यासारखे मोठे, १०० मायक्रॉनपर्यंतचे कण असतील तर हा रस्ता सोडून द्या.

सुधारणा करायचीच असेल तर ऑक्टेनिल सक्सिनिक गटाचा स्टार्च बघा. या गटाला एका बाजूला तेलाची ओढ असते आणि दुसऱ्या बाजूला आम्लगट असतो, त्यामुळे स्टार्चला तेल आणि पाणी दोन्ही धरता येतात. अन्नात वापरायच्या स्टार्चसाठी या प्रक्रियेची मर्यादा ३ टक्के आहे. ती ओलांडून आलेले सुंदर निकाल अन्नाच्या प्रबंधात कामाचे नाहीत.

आता वाळवण्याकडे येतो, कारण स्टार्चची खरी लायकी तिथे आहे आणि तिथेच तो सगळ्यात कमी समजून घेतला जातो. पेशीतलं पाणी गेलं की तिच्या पटलातले, म्हणजे बाहेरच्या पातळ पडद्यातले, लिपिड (स्निग्ध रेणू) एकमेकांवर दाबले जातात, पटलाची घडी बिघडते आणि पुन्हा पाणी मिळालं की ते गळतं. ट्रेहॅलोजसारखी लहान साखर पाण्याची जागा घेऊन त्या लिपिडांच्या मधे जाऊन बसते. स्टार्चचा रेणू त्या मानाने अवाढव्य आहे, तो तिथे पोहोचतच नाही. म्हणून नुसत्या स्टार्चमध्ये वाळवलेले जिवाणू बहुधा निराश करतात. उलट नुसत्या साखरेची पावडर जरा दमटपणा लागला की चिकट होते, काचेसारखी घट्ट अवस्था सोडून रबरासारखी होते आणि आत पुन्हा रासायनिक हालचाल सुरू होते. स्टार्च ती काच जास्त तापमानापर्यंत टिकवून धरतो. साखर पटल सांभाळते, स्टार्च साखरेला सांभाळतो. माझ्या हाताखालचं चांगलं काम आजवर याच जोडीतून झालं आहे. प्रमाण प्रत्येक जिवाणूला वेगळं लागतं, त्याचा तयार आकडा मी देणार नाही.

स्प्रे ड्रायरमध्ये सगळे आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाकडे बघतात, १५० की १७०. जिवाणूचं भवितव्य ठरतं ते बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानावर. थेंब ओला असेपर्यंत बाष्पीभवन त्याला थंड ठेवतं. शेवटी कोरडा झाल्यावर मात्र तो बाहेरच्या हवेइतका तापतो. ते तापमान ६० ते ८० अंशांत कुठे ठेवलंत हे तुमच्या अहवालात कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहा. आणि पावडरची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजा. पावडरमधलं किती पाणी मोकळं आहे ते तिच्यावरून कळतं. ती ०.२५ च्या खाली नसेल तर साठवणीच्या अभ्यासाला सुरुवातच करू नका.

पोटाच्या चाचणीबद्दल. तुम्ही पीएच २ ला सुरुवात केली आहे आणि तोंडाचा टप्पा गाळला आहे. बाकी कशाला नाही तरी स्टार्चला तो टप्पा गाळून चालत नाही, कारण लाळेत अमायलेज असतं. इन्फोजेस्ट ही प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करायची सर्वमान्य पद्धत २०१४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सुधारली. तीत तोंडाचा टप्पा २ मिनिटांचा पीएच ७ ला, मग जठराचा २ तास पीएच ३ ला, मग आतड्याचा २ तास पीएच ७ ला, सगळं ३७ अंशांना. ती वापरा म्हणजे तुमचे आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. पीएच २ चा कडक प्रयोग त्याला जोडून वेगळा दाखवा. आतड्याच्या टप्प्यात स्वादुपिंडाचं अमायलेज स्टार्च उलगडतं आणि जिवाणू बाहेर येतात, ही तर स्टार्चची जमेची बाजू आहे. पण तुमची चाचणी जठराशी थांबली, त्यामुळे ती बाजू दिसलीच नाही.

मोजणीत माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्या पद्धतीच्या पानावर मला तीच दिसते आहे. सुरुवातीच्या काळात मी अल्जिनेटचे मणी फॉस्फेट बफरने धूत असे. सगळ्या प्रयोगशाळांत तेच बफर हाताशी असतं. कित्येक आठवडे मला वाटत राहिलं की माझ्या पेशी मण्यात नीट कोंडल्याच जात नाहीत. प्रत्यक्षात फॉस्फेट मण्यातलं कॅल्शियम ओढून घेत होतं, मणी सैल पडत होते आणि निम्म्या पेशी धुण्याच्या पाण्यातून मोरीत जात होत्या. धुण्यासाठी कॅल्शियम राहील असं द्रावण वापरा आणि मोजणीच्या वेळी मात्र मणी सोडियम सायट्रेटमध्ये पूर्ण विरघळवा. अर्धवट विरघळला तर दुसरी फसगत होते. २ मिलिमीटरच्या मण्याचं आकारमान ४ मायक्रोलिटरच्या आसपास. मिश्रणात दर मिलिलिटरला १०० कोटी पेशी असतील तर एका मण्यात ४० लाख. तो मणी अख्खा प्लेटवर गेला की त्याची कॉलनी (प्लेटवर डोळ्यांना दिसणारा जिवाणूंचा ठिपका) एकच मोजली जाते. नुसत्या स्टार्चच्या कॅप्सूलला सायट्रेट काही करत नाही, तिथे अमायलेज लागेल. ते एन्झाइम तुमच्या मोकळ्या पेशींनाही लावून त्यांचं नुकसान होत नाही ना, हे आधी तपासा.

जिवाणू स्टार्च खातो का हेही बघून घ्या. या गटातल्या बहुतेक जिवाणूंकडे अमायलेज नसतं, पण नावाप्रमाणे लॅक्टोबॅसिलस अमायलोव्होरसकडे असतं, प्लांटारमच्या काही स्ट्रेनकडेही (स्ट्रेन म्हणजे एकाच जातीतला वाण). स्टार्च घातलेल्या अगरवर वाढवून आयोडीन ओता. वाढीभोवती रंग न चढलेलं वर्तुळ उमटलं तर तुमचा पाहुणा घराच्या भिंती खाणारा आहे, आणि ओल्या कॅप्सूलमध्ये साठवण करताना त्याचा परिणाम दिसेल. २००१ मध्ये क्रिटेंडन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही बिफिडोबॅक्टेरिया (प्रोबायोटिक जिवाणूंचाच दुसरा गट) स्टार्चच्या कणांना स्वतःहून घट्ट चिकटतात. असं चिकटणं तुमच्या स्ट्रेनमध्ये असेल तर तोच तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात रसाळ भाग होऊ शकतो. मात्र मोठ्या आतड्यात रेझिस्टंट स्टार्च फोडायचं काम मुख्यतः रुमिनोकॉकस ब्रोमाय यांसारखे दुसरेच जिवाणू करतात. त्यामुळे ‘स्टार्च माझ्या प्रोबायोटिकचं खाद्य आहे’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नका.

आणि एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, ज्याच्यावाचून मी कुणाचाही असा प्रबंध पुढे जाऊ देत नाही: पेशी आणि तोच स्टार्च, तेवढ्याच प्रमाणात, कॅप्सूल न करता नुसते एकत्र ढवळलेले. तुमच्याकडे मोकळ्या पेशी आहेत आणि कॅप्सूल आहेत, मधलं हे मिश्रण नाही. ते नसेल तर फरक दिसला तरी तो कोंडल्यामुळे की नुसता स्टार्च शेजारी असल्यामुळे, हे तुम्हाला कुणालाच सांगता येणार नाही. वाळवलेल्या नमुन्यांत कित्येकदा हे साधं मिश्रण कॅप्सूलइतकंच टिकतं. तसं निघालं तर लपवू नका, कारण उद्योगाला त्याची जास्त किंमत आहे: एक अख्खी पायरी वाचते.

तेव्हा कंद तोच ठेवा. या आठवड्यात अ‍ॅमायलोज, कणांचा आकार आणि फुगण्याचं तापमान मोजून घ्या. पुढच्या आठवड्यात अल्जिनेटसोबत मणी करून त्यांचे छेद बघा. ट्रेहॅलोज आणि स्टार्चची एक वाळवलेली तुकडीही लगेच करा, ढवळलेल्या कंट्रोलसह, आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजून हवाबंद पाकिटांत ४ अंशांना व २५ अंशांना ठेवून द्या. बाकी सगळे प्रयोग घाईने उरकता येतात, सहा महिन्यांची साठवण मात्र सहा महिनेच घेते. पाकिटं दर महिन्याला प्रत्येकी तीन पुरतील इतकी करा आणि वर चार जास्त ठेवा, एखादं फुटतंच.